रहोबोथाची विहीर

शास्त्रवाचन : उत्पत्ति २६:१२–३३



उज्जैनच्या फ्रीगंज भागात आम्ही मराठी बोलणारी काही ख्रिस्ती कुटुंबे राहतो. शिंद्यांच्या अमलात मराठी माणूस ह्या माळव्यात आला आणि येथलाच झाला. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी दोन शब्द माळवी असा आमचा दिवस जातो. आमच्या मंडळीची एक गोष्ट आज सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो, कारण तीत आमची शोभा नाही. परंतु जी साक्ष फक्त आपल्या चांगुलपणाची असते ती पुरी साक्ष नव्हे, म्हणून सांगतो.

२००९ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस फसला होता. ज्या गंभीर धरणावर ह्या शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः अवलंबून आहे, त्याचा तळ दिसू लागला होता आणि नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत होते. टँकर आला की गल्लीत धावाधाव, रिकाम्या डब्यांच्या रांगा आणि रांगेत भांडणे. आम्ही जेथे उपासनेसाठी जमत असू त्या जागेच्या कुंपणात आमची स्वतःची बोअर होती. ती मारून तीन-चार वर्षे झाली होती. पहिल्याने आम्ही शेजाऱ्यांना पाणी देत होतो. मग मोटर जास्त चालते, विजेचे बिल वाढते, अंगणात चिखल होतो, अशी कुरकुर सुरू झाली. एप्रिलमध्ये आम्ही सभा घेतली, प्रार्थना केली, आणि फाटकाला कुलूप लावण्याचा ठराव केला. होय, प्रार्थना करून ठराव केला.

पुढच्या रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि त्यानंतर प्रीतिभोजन होते. सकाळी एक बाई व तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. बाईच्या डोक्यावर हंडा, मुलीच्या हातात तेलाचा रिकामा डबा. आमच्यापैकी एकाने सांगितले, "उपासना संपल्यावर या." ती काही न बोलता भिंतीच्या सावलीत बसली. आत गीते झाली, वचन झाले, बाळाच्या मस्तकावर पाणी घातले गेले. त्या दिवशीचा शास्त्रभाग योहानाच्या चौथ्या अध्यायातील होता. विहिरीशी पाणी मागणारा आपला प्रभू आणि घागर घेऊन आलेली शोमरोनी स्त्री. आम्ही सर्वांनी तो उभे राहून ऐकला. बाहेर आलो तेव्हा भिंतीच्या सावलीत कोणी नव्हते. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तिचे नाव आम्हांला आजही ठाऊक नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमची बोअर आटली. मोटर चालू केली की नळातून पाण्याऐवजी फुसफुस हवा येई. कुलूप तसेच होते, पण आता त्यात राखण्यासारखे काही उरले नव्हते.

पाणी फिरविणारा कोण?

ह्या प्रसंगाचा अर्थ लावण्याआधी पाण्याची गोष्ट नीट समजून घेऊ. आपण पाऊस पडला की देवाचे उपकार मानतो आणि नाही पडला की देवाला दोष देतो. मधल्या वाटेवर पाणी काय करते, हे फारसे पाहत नाही.

पृथ्वीवरील शंभर भागांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक भाग पाणी खारे आहे, समुद्राचे आहे. उरलेले जे थोडे गोडे पाणी, त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक बर्फाच्या रूपाने गोठून आहे. बाकीचे बहुतेक जमिनीच्या पोटात आहे. नद्या, तळी, सरोवरे ह्यांत दिसते ते पाणी म्हणजे ह्या सगळ्यातील चिमूटभर. तरी ह्या चिमूटभरावर जग जगते, कारण ते थांबत नाही. सूर्य समुद्रावर तापतो, वाफ वर जाते, मीठ खाली राहते. वाफेचे ढग होतात. समुद्रातून उठणाऱ्या वाफेपैकी सुमारे नऊ हिस्से पाणी परत समुद्रावरच पडते आणि एखादा दहावा हिस्सा वारा जमिनीकडे वाहून नेतो. वर गेलेले पाणी हवेत फार दिवस राहत नाही. सरासरीने नऊ-दहा दिवसांत ते पुन्हा खाली येते. त्यातील काही झाडे पितात व पानांवाटे परत आकाशाला देतात, काही वाहून नदीला मिळते, आणि काही मातीत मुरून झऱ्यांचे भांडार भरते.

उपदेशकाच्या पहिल्या अध्यायातील सातव्या वचनात म्हटले आहे की सर्व नद्या सागराकडे जातात, तरी तो भरून जात नाही, आणि त्या जेथे जातात तेथेच पुन्हा जातात. ईयोबाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव पाण्याचे थेंब वर ओढून घेतो व त्यांचा पाऊस पाडतो असे वर्णन आहे. शास्त्रलेखक भूगोलाचे पुस्तक लिहीत नव्हते. ते निर्माणकर्त्याची स्तुती करीत होते. पण ज्याला सृष्टीकडे आदराने पाहण्याची सवय आहे त्याची नजर सहसा खोटी ठरत नाही.

हे चक्र माणसाला मोजमापाने पटावयास बराच काळ लागला. युरोपातील विद्वान शतकानुशतके असे मानीत की समुद्राचे पाणी जमिनीखालच्या गुप्त वाटांनी डोंगरांत चढते व तेथून झरे फुटतात, कारण एवढ्या नद्या केवळ पावसाने कशा भरतील? फ्रान्समधील बर्नार्ड पॅलिसी ह्याने १५८० साली छापलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की झरे व नद्या ह्यांना पावसाशिवाय दुसरे उगमस्थान नाही. हा पॅलिसी कोण? धंद्याने कुंभार, आणि विश्वासाने आपल्यासारखाच प्रॉटेस्टंट. मातीच्या भांड्यांवरील झिलईची कृती शोधताना लाकूड संपले तेव्हा त्याने घरातील सामान भट्टीत घातले, अशी त्याची चिकाटी. पुढे विश्वास सोडण्यास नकार दिल्यामुळे म्हातारपणी तो पॅरिसच्या बास्तिय तुरुंगात पडला व तेथेच १५९० च्या सुमारास वारला. शंभरेक वर्षांनी, १६७४ साली, प्येर पेरो ह्याने सेन नदीच्या उगमाकडील भागात पडणारा पाऊस व नदीतून वाहणारे पाणी ह्यांचा हिशेब छापला, आणि पाऊस नदीच्या सहापट निघाला. कुंभाराचे म्हणणे खरे ठरले.

आमच्या उज्जैनलाही ह्या विषयात मान आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत जमिनीखालील पाणी कसे ओळखावे ह्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. माणसाच्या अंगात जशा शिरा तशा भूमीत पाण्याच्या शिरा आहेत, असे तो सांगतो. आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे व एकाच चवीचे असते, ते जमिनीप्रमाणे निरनिराळे होते, हेही त्याचे निरीक्षण आहे. आणि कालिदासाने तर मेघदूतात ढगाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहून जावयास सांगितले. ढगाची वाट पाहणे ह्या गावाला नवे नाही.

आता फ्रीगंजच्या टॉवरवर पडलेल्या एका थेंबाचा विचार करा. तो गटारातून नाल्यात, नाल्यातून क्षिप्रेत जाईल. क्षिप्रा उत्तरेस वाहत चंबळेस मिळते, चंबळ यमुनेस, यमुना गंगेस, आणि गंगा बंगालच्या उपसागरास. तेथून तो पुन्हा वाफ होऊन कोणाच्या शेतावर जाईल हे देव जाणे. आमच्या बोअरमधून निघालेले पाणी आम्ही "आमचे" म्हणत होतो. त्यातील एखादा कण कधी काळी यार्देनेतून वाहिला नसेल असे कोणी म्हणावे? पाणी आपल्या घरी पाहुण्यासारखे येते आणि पुढे निघून जाते. त्याला कुलूप घालता येत नाही.

विहिरी कोण बुजवितो?

आता शास्त्रभागाकडे येऊ. देशात दुष्काळ पडला होता, हे ह्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात आहे. इसहाक गरारात राहिला, त्याने पेरले, आणि देवाने त्याला शंभरपट पीक दिले. पलिष्ट्यांना हेवा वाटला. त्यांनी काय केले? अब्राहामाच्या दिवसांत खणलेल्या सगळ्या विहिरी मातीने बुजवून टाकल्या. दुष्काळी मुलखात विहीर बुजविणे म्हणजे दुसऱ्याबरोबर आपलेही नुकसान करणे. पण हेव्याला हिशेब कळत नाही.

आपण म्हणू, आम्ही कोठे विहिरी बुजविल्या? बंधूंनो, विहीर मातीनेच बुजते असे नाही.

माळव्याबद्दल एक जुनी म्हण ह्या भागात सर्वांच्या तोंडी आहे. तिचा भाव असा की येथे पावला-पावलावर भाकर आहे आणि पाणीही आहे. उज्जैनला वर्षाकाठी सरासरी सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. यरुशलेमेत त्याहून पुष्कळ कमी पडतो. मग टंचाई का? एक कारण असे की हा पाऊस जवळजवळ सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पडतो, आणि त्यातही थोड्या दिवसांत धो-धो पडतो. दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे. महाराष्ट्राप्रमाणे माळव्याखालीही काळा पत्थर आहे, ज्याला बेसाल्ट म्हणतात. तो वाळूसारखा पाणी पीत नाही. त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात काय साठेल तेवढेच. वरची काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरून वाहून जाते. म्हणून आपल्या पूर्वजांनी तळी खणली. उज्जैनात सप्तसागर आहेत : रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर व पुरुषोत्तमसागर. पाणी वाहून जाण्याआधी त्याला थांबविण्याची, मुरविण्याची ही सोय होती. आज त्यांतील काही गाळाने, कचऱ्याने व अतिक्रमणाने आकसली आहेत. पलिष्टी बाहेरून आले नव्हते.

आणि आपण? १९७० नंतर माळव्यात सोयाबीन आले, गव्हाला पाणी हवे झाले, आणि विहिरींच्या जागी बोअर आल्या. बोअरची गोष्ट आपल्या मंडळ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कठीण पत्थरात यंत्राने भोक पाडून गावाला पिण्याचे पाणी द्यावयाचे, हे काम मराठवाड्यात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने प्रथम हाती घेतलेल्यांपैकी आहे. तेथील कारागिरांनी एक मजबूत हातपंप बनविला, त्याला जालना पंप म्हणत. त्यापासून पुढे सोलापूर पंप झाला. त्यावरूनच सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हा हातपंप सिद्ध झाला, जो पुढे देशभर आणि देशाबाहेरही गावोगाव उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या वडीलधाऱ्यांना आहे त्यांना हे सांगावयास नको. तो हातपंप चौकात असे. कोणीही यावे, दांडा दाबावा, घागर भरावी. हाताने जेवढे उपसेल तेवढेच पाणी निघे.

मग विजेची मोटर आली, आणि तीच बोअर चौकातून उठून कुंपणाच्या आत गेली. हात थकतो, मोटर थकत नाही. जमिनीच्या भांडारात पावसाळ्यात जेवढे जमा होते त्याहून अधिक आपण काढू लागलो. जमा न पाहता खर्च करणारा उधळा पुत्र आपण सर्वांनी वाचला आहे, पण त्याच्या वहीत आपले नाव आपण पाहिले नाही.

आमच्या कुंपणाची भिंत जमिनीवर सहा फूट होती. जमिनीखाली ती नव्हती. समोरच्या घरात एक जुनी बांधीव विहीर होती. आम्ही बोअर मारली त्या वर्षापासून तिचे पाणी उन्हाळ्यात चार-पाच हात खाली जाऊ लागले होते, हे आम्हांला नंतर कळले. ते लोक कधी भांडावयास आले नाहीत. आम्ही आमच्या बोअरसाठी देवाचे आभार मानीत होतो, आणि भिंतीपलीकडे एक विहीर मुकाट्याने खाली जात होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाऊस पडला नाही की काही जण लगेच म्हणतात, हा अमक्याच्या पापाचा दंड. आमोस संदेष्ट्याने आपल्या लोकांना अवर्षणावरून जागे केले हे खरे, पण तो बोट दाखवीत होता ते आपल्याच लोकांकडे, शेजाऱ्यांकडे नव्हे. आणि आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले की पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. ढग दार पाहून पडत नाही. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेल्या पावसाचे काय करावे हे मात्र आपल्या हाती दिले आहे, आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

दूरचे पाणी आणि जवळचे पाणी

२०१६ साली उज्जैनला सिंहस्थाचा मेळा भरला. क्षिप्रा उन्हाळ्यात वाहती राहत नाही, म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजना सुरू झाली होती. ४३२ कोटी रुपये खर्चून, सुमारे ४७ किलोमीटर नळ टाकून, नर्मदेचे पाणी साधारण ३५० मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले. जे पाणी पश्चिमेस अरबी समुद्राला जावयाचे ते पूर्वेच्या समुद्राकडे जाणाऱ्या नदीत आले. माणसाच्या बुद्धीचे हे मोठे काम आहे, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेसाठी ते झाले ह्याचा आम्हांला आदर आहे. पण पंप बंद झाला की काय? नदीचे स्वतःचे झरे तिच्या काठच्या जमिनीत असतात. ते परत जिवंत करणे हे कोणत्याही नळाने होत नाही.

त्याच एप्रिल महिन्यात, १२ तारखेस, मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक तेथे आहेत. आणि ५ मे रोजी, ऐन मेळ्यात, उज्जैनला असा वादळी पाऊस कोसळला की मंडप पडले व माणसे दगावली. एकीकडे रेल्वेने पाणी, एकीकडे आकाश फुटलेले. टंचाई फक्त पाणी कमी असल्याने होत नाही. पाणी आले तेव्हा त्याला राहावयास जागा नव्हती, म्हणूनही होते.

जवळचेच दुसरे उदाहरण पाहा. आमच्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर देवास आहे. तेथेही एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागे. त्या जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खणली. बोअरमागून बोअर मारून कर्जात बुडालेल्या माणसांनी आपल्या जमिनीचा कोठे दहावा, कोठे विसावा हिस्सा पाण्यासाठी सोडला. हजारो तळी झाली, पाणी थांबले, मुरले, पक्षी परत आले. दहावा हिस्सा! आम्ही दशांशावर किती प्रवचने ऐकली आहेत. त्या शेतकऱ्यांनी आमची प्रवचने ऐकली नव्हती, तरी देण्यातूनच मिळते हे त्यांनी मातीत करून दाखविले.

रहोबोथ : सर्वांना जागा

इसहाकाने काय केले ते आता पाहा. त्याने बापाच्या बुजविलेल्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे दिली. नवी विहीर खणण्यात मान असतो. जुनी उकरण्यात गाळ असतो. त्याने आधी गाळ काढला. मग त्याच्या चाकरांना खोऱ्यात जिवंत पाण्याचा झरा लागला, तर गरारचे गुराखी भांडावयास आले की पाणी आमचे. त्याने त्या विहिरीचे नाव एसेक म्हणजे भांडण ठेवले आणि तो पुढे गेला. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तोही सोडून तो पुढे गेला. तिसरी खणली, तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे ऐसपैस जागा.

कोणी म्हणेल, इसहाक भित्रा होता. तसे नव्हे. तो बलवान झाला होता, हे राजा अबीमलेखाने स्वतःच कबूल केले होते. लढण्याची ताकद असून ज्याने कुदळ उचलली त्याला भित्रा म्हणता येत नाही. त्याला ठाऊक होते की देणारा वर आहे, म्हणून एका विहिरीला कवटाळून बसण्याची त्याला गरज वाटली नाही. आम्ही मात्र एका बोअरला कवटाळून बसलो. आमच्या बोअरला नाव दिलेले नव्हते. दिले असते तर एसेकच द्यावे लागले असते.

अध्यायाचा शेवट फार सुंदर आहे. ज्याने हाकलले तोच अबीमलेख समेटासाठी येतो. इसहाक त्याला जेवू घालतो. सकाळी शपथा होतात व ते शांतीने निघून जातात. आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात की पाणी लागले. आधी समेट, मग पाणी. हा क्रम आम्ही पुष्कळ वेळा वाचला होता. आम्हांला तो २००९ च्या मे महिन्यात समजला.

आमची बोअर आटली त्याच्या तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातील म्हातारी बाई आपल्या नातवाकरवी रबरी नळी घेऊन आमच्या फाटकाशी आली. तिच्या विहिरीला थोडे पाणी होते. म्हणाली, रोज सकाळी अर्धा तास तुम्ही घ्या. आमच्यातील एका वडिलांनी खाली मान घालून फाटकाचे कुलूप काढले, कारण नळी आत यावयाची होती. ते तिला म्हणाले, आम्ही तर दार बंद केले होते. ती हसली आणि म्हणाली, "पानी पर किसका नाम लिखा है?" तिने योहानाचा चौथा अध्याय वाचलेला नव्हता.

त्या रविवारी आमच्याकडे प्रवचन झाले नाही. पाळकांनी एप्रिलचा ठराव वाचून दाखविला आणि आम्ही उभे राहून पापांगीकार केला. पावसाळ्यापूर्वी छपराचे पाणी पन्हळीने एकत्र करून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून जमिनीत सोडण्याची सोय केली. हिशेब साधा आहे : एक हजार चौरस फूट छपरावर नऊशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ऐंशी हजार लिटरांहून अधिक भरते. पाच हजार लिटरांचे सोळा टँकर! त्यातील काही वाया गेले तरी उरते ते पुष्कळ. इतकी वर्षे हे सोळा टँकर आम्ही गटारात सोडत होतो आणि उन्हाळ्यात कुलूप लावत होतो. आणि कुंपणाच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूस, एक नळ बसविला. त्याला कुलूप नाही. बोअरला उन्हाळ्यात आजही पाणी कमी असते, सगळे ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवसांत नळाला वेळ ठरलेली असते, आणि ती वेळ बाहेरच्यांची आधी, आमची नंतर.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

आमच्या शिक्षकांनी हा धडा मुलांना दोन रविवारी दिला, तो आपणही द्यावा. पहिल्या रविवारी एका पसरट भांड्यात मिठाचे पाणी घ्या, मधोमध रिकामी वाटी ठेवा, वरून पातळ प्लास्टिक ताणून बांधा व मध्यभागी एक लहान खडा ठेवून उन्हात ठेवा. काही तासांनी वाटीत थोडे पाणी जमेल. मुलांना एक थेंब चाखावयास द्या, ते गोडे लागेल. समुद्र खारा असून पाऊस गोडा का, हे मग सांगावे लागत नाही. त्याबरोबर ईयोब ३६ वाचा.

दुसऱ्या रविवारी भोके असलेल्या दोन डब्यांपैकी एकात नुसता दगड व दुसऱ्यात माती व पालापाचोळा घालून सारखेच पाणी ओता. कोणते भराभर वाहून जाते, कोणते सावकाश ठिबकते, हे मुलांना पाहू द्या. मग विचारा : तुमच्या घरच्या अंगणात कोणता डबा आहे? तुमच्या मनात कोणता? वचन दगडावर पडले तर काय होते हे पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने सांगितलेच आहे. त्यानंतर इसहाकाच्या तीन विहिरींची नावे पाठ करून घ्या. आमच्या वर्गात एका लहान मुलीने विचारले, "मग ती फाटकाशी आलेली मुलगी आपल्याला कोठे भेटेल?" शिक्षिकेला उत्तर देता आले नाही. आम्हांलाही येत नाही. एक मात्र ठाऊक आहे. न्यायाच्या दिवशी आपला प्रभू ज्या तहानेची गोष्ट काढणार आहे, ती त्याने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आधीच सांगून ठेवली आहे. फाटकाबाहेर तो स्वतः उभा होता.

प्रिय वाचकहो, आपल्या गावची विहीर कोणती, ती कोणी खणली, ती आज कोणत्या स्थितीत आहे, ह्याचा येत्या उन्हाळ्यापूर्वी शोध घ्या. आपल्या उपासनेच्या जागेच्या छपरावरील पाणी कोठे जाते ते एकदा पावसात उभे राहून पाहा. आणि आपल्या फाटकाला कुलूप असेल तर त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे आधी विचारा.

प्रार्थना : हे आकाशाच्या व पृथ्वीच्या देवा, तू समुद्रातून पाणी वर घेतोस आणि आम्हां सर्वांवर सारखेच पाडतोस. आम्ही जे बुजविले ते उकरण्यास आम्हांला हात दे. आम्ही जे कोंडले ते सोडण्यास मन दे. जी तहानलेली बाई आमच्या दारातून रिकाम्या हंड्याने परत गेली, तिला तू पाणी दिले असशील असा आम्ही भरवसा धरतो. आम्हांला क्षमा कर. आमच्या प्रत्येक विहिरीचे नाव रहोबोथ होवो. येशूच्या नावाने. आमेन.